प्रोसेकच्या पिचरांचं भाकीत

१८ एप्रिल

बेसबॉलच्या मैदानाच्या कोपऱ्यात अजून मळकट बर्फ पडलेला आहे आणि लोकांना गावच्या हेरन्स संघाच्या पिचरांचं, म्हणजे चेंडू टाकणाऱ्यांचं, दरवर्षीसारखं माझं भाकीत हवंय. आज बेकरीत तिघांनी अडवलं. "एमिल, यंदा हेरन्सचे पिचर कसे?" मी म्हटलं, पिचर अजून आपापल्या घरी बसून आयशीच्या हातचं खातायत, आधी त्यांना प्रोसेकात पाय तर ठेवू द्या.

वही लिहायला बसलोय ते वेगळ्या कारणाने. आयोवा सिटीच्या डोळ्यांच्या डॉक्टरणीने सांगितलं की हे कोणाला तरी सांगा, एकट्याने पोटात ठेवू नका. कोणाला सांगू? वहीला सांगतो. जाड काळ्या पेनाने, एका पानावर जेमतेम दहा ओळी मावतील एवढ्या मोठ्या अक्षरात लिहितोय. वाचायला जमेल अशी आशा नाही. कडेचं सगळं दिसतं मला, पण जिथे नजर लावावी नेमकं तिथेच धुरकट होतं. समोरच्या माणसाचे कान दिसतात, तोंड दिसत नाही. डोळ्यात सुया घ्यायच्या म्हणाली. गेलेली नजर परत येणार नाही, राहिलेली टिकेल. मी म्हटलं, हंगाम सुरू झाल्यावर बघू.

लेनोरला कळता कामा नये. माझी एकुलती एक लेक, ओमाहाला असते, आणि तिच्या घरात खालच्या मजल्यावर माझ्यासाठी खोली तयार ठेवून बसली आहे. तिला कळलं की तीन तासांत दारात गाडी. मग हे घर गेलं, तिसऱ्या रांगेतली माझी जागा गेली, हेरन्स गेले. ओमाहात मी करू काय?

पण आज ऊन छान होतं. ओटच्या गिरणीचा भाजका वास गावभर पसरला होता. तेवढ्यावर दिवस चांगला गेला.

३ मे

पिचर आले. सराव सुरू झाला.

ओपल मला गाडीतून घेऊन गेली. शेजारीण. शाळेत भूगोल शिकवायची, नवरा जाऊन बरीच वर्षं झाली. म्हणते, गाडी रोज फिरवली नाही तर बॅटरी उतरते, म्हणून तुला सोडते आणि घेऊन येते. माझा क्लच बिघडलाय असं मी तिला सांगून ठेवलंय, त्यामुळे दोघांचीही सोय झाली. खरं सांगायचं तर बाईला सोबत हवी असते. मी ती देतो. माणसाने शेजाऱ्याच्या उपयोगी पडावं.

मात्र तिचं तोंड यंदा फार चालतं. पूर्वी शेजारी बसून विणकाम करायची, डाव संपला तरी ब्र काढायची नाही. आता सारखं सुरू. "एमिल, तो लाल केसांचा उंच मुलगा आला बघ." "एमिल, हा बाहेरून टाकला, कॅचरला उडी मारावी लागली." मी शेवटी म्हटलं, "मला डोळे आहेत, ओपल."

"आहेत ना," ती म्हणाली. "मी आपली स्वतःशी बोलतेय."

तिकिटाच्या खिडकीतली बाईही तशीच. पायऱ्यांपाशी पोचलो की ओरडते, "रंग ओला आहे हं, तीन पायऱ्या." तो रंग कधी वाळणार देव जाणे.

५ मे

दोन डावखुरे आहेत, दोघेही उंच, दोघेही काटकुळे. सतरा नंबरचा डेल प्रूइट, ओक्लाहोमाचा. पस्तिशी ओलांडलेली, कुठकुठल्या गावांत चेंडू टाकून झालाय, खांद्यावर दोन शस्त्रक्रिया. आवाज मऊ, मला मिस्टर एमिल म्हणतो. दुसरा अकरा नंबरचा योएल, डॉमिनिकन. बावीसचा असेल. इथली थंडी त्याला सोसत नाही, मैदानावर दोन टोप्या घालून येतो. मला पहिल्याच दिवशी अबुएलो म्हणाला. त्यांच्याकडे आजोबाला तसं म्हणतात म्हणे. मी ओपलला म्हटलं, बघ, माझं वय लगेच ओळखलं. ती म्हणाली, "तुझं वय ओळखायला पिचर कशाला लागतो?"

कॅचर, म्हणजे पिचरचा चेंडू झेलणारा, टकर नावाचा नवा पोरगा आहे, भयंकर तोंडाळ. प्रत्येक चेंडूआधी आरोळी ठोकतो, "ये डेल, वळवून टाक!" "ये योएल, खाली!" आमच्या काळात कॅचर बोटांनी खुणा करायचे. पण माझं काम सोपं होतं हे कबूल करायला हवं. आवाज आला की कडेकडेने बघायचं, मग हातमोज्यात चेंडू आदळतो तो ऐकायचं. नऊ पिचरांपैकी सातांबद्दल माझं मत ठरलं.

८ मे

सरावाचा सामना. ड्वेनने कहर केला. लाउडस्पीकरवर नावं पुकारायचं काम त्याच्याकडे वीस वर्षं आहे. खेळाडू आला की नाव सांगायचं आणि गप्प बसायचं, एवढंच काम. यंदा रेडिओवर बसल्यासारखा बडबडतो. कोणता चेंडू टाकला, कुठे पडला, फलंदाजाने कसं तोंड केलं, सगळं. मी मध्यंतरात त्याच्या खोलीखाली उभा राहून ओरडलो, "ड्वेन, लोकांना दिसतं!"

"काही जण उन्हात बसतात, एमिल," वरून आवाज आला. "डोळे दिपतात त्यांचे."

आभाळ भरलेलं होतं.

घरी निघालो. गाडीत ओपल म्हणाली, लेनोर कशी आहे? मी म्हटलं, मजेत. फोनवर माझ्या जेवणाची चौकशी करते, डोळ्यांची करत नाही, म्हणजे अजून काही कळलेलं नाही. हे शेवटचं अर्थातच बोललो नाही. इथे लिहितोय.

ती गाडी फार हळू चालवते. पण चालवते, आणि रोज चालवते. आज उतरताना आभार मानले. तिने विचारलं, "बरं वाटत नाही का तुला?"

११ मे

डेल आणि योएलबद्दल मत ठरायचं राहिलं होतं. कुंपणालगत पिचर सामन्याआधी चेंडू टाकून हात गरम करतात तिथे जाऊन जाळीला टेकून उभा राहिलो. टकर नव्हता, दात काढायला गेला होता म्हणे. बदली कॅचर मुका. ओपल कॉफी आणायला गेली.

दोघं आळीपाळीने टाकत होते. एकाचे चेंडू सरळ, जड, हातमोज्यात पडताना ओल्या पोत्यासारखा आवाज. खांदा दुखत असला की तसाच येतो. दुसऱ्याचा मात्र! चेंडू आला आला म्हणेपर्यंत कॅचरच्या गुडघ्यापाशी बुडाला. पुन्हा टाकला, पुन्हा बुडाला. आवाज असा कोरडा की मागे फिरून बघावं. अंगावर काटा आला. प्रोसेकात असा चेंडू किती वर्षांत पडला नाही.

नजर बाजूला फिरवून त्याची पाठ पाहिली. सतरा दिसलं. पुन्हा पाहिलं. सतराच असावं.

विचारायचं मनात आलं होतं. पण काय विचारणार, "बाबा रे, तू कोण?" ज्या माणसाने तीस वर्षं या जाळीमागून पिचर ओळखले त्याने? गप्प बसलो. म्हातारपणी माणसाला कधी कधी असं देणं मिळतं, मी मनाशी म्हटलं. डेलच्या हातात शेवटचा एक हंगाम असा निघाला. बरं वाटलं त्याच्यासाठी. त्या पोराबद्दल, योएलबद्दल, वाईटही वाटलं.

१४ मे

आज भाकिताचं जेवण झालं.

चर्चच्या तळघरात दरवर्षीसारखी गर्दी. डुकराचं भाजलेलं मांस, कोबी, डंपलिंग, आणि बायकांनी केलेले कोलाचे, म्हणजे सारण भरलेले गोड पाव, त्यातले खसखशीचे आधी संपले. रीत तीच: मी एकेका पिचरचं नाव घ्यायचं, त्याने हातातली ताटली घेऊन उभं राहायचं, मी एक वाक्य बोलायचं, त्याने बसायचं. वाईट सांगितलं तरी त्याने उभ्यानेच ऐकायचं. भाकीत खोटं ठरवून एखाद्याने चांगला खेळ केला तर हंगाम संपल्यावर मी त्याचे केस फुकट कापायचे, असा नियम माझं केस कापायचं दुकान होतं तेव्हापासून आहे. दुकान सोडलं, पाठ दुखते म्हणून. नियम सुटला नाही.

लाल केसांच्या पोराला म्हटलं, "तू वेगात आहेस, पण दिशेची नि तुझी अजून ओळख व्हायचीय." लोक हसले, तोही हसला. बाकीचे असेच झाले.

मग योएल. मी म्हटलं, "योएल, तुझा चेंडू जड आहे आणि हात दुखतोय. जुलैत तू घरी असशील."

या वेळी कोणी हसलं नाही. कोणाच्या तरी काट्याचा आवाज आला. योएल उभा होता की बसला, मला कळलं नाही.

मग डेल. "डेल प्रूइट, तुझा चेंडू मी कुंपणापाशी पाहिला. ऑगस्टात, जेव्हा सगळे थकतील, तेव्हा हे गाव तुझं नाव घेत असेल."

डेल उभा होता. त्याच्या हातात ताटलीबरोबर फोनही होता वाटतं, कारण त्यातून एका बाईचा आवाज आला, "काय म्हणाले ते? डेल, काय म्हणाले?" तो म्हणाला, "ऑगस्ट म्हणाले, चार्लीन." मग थँक यू मिस्टर एमिल म्हणून बसला. टाळ्या पडल्या, पण नेहमीसारख्या नाहीत.

गाडीत ओपल म्हणाली, "त्या दिवशी कुंपणापाशी योएलचा चेंडू काय बुडत होता ना, एमिल. मी कॉफी घेऊन येताना पाहिला. कॅचरच्या पार गुडघ्यापाशी."

मी खिडकी खाली केली आणि तोंडावर वारा घेतला.

१५ मे, सकाळ

झोप लागली नाही. ज्या पोराच्या हातात इतकी सुंदर गोष्ट आहे, दोन टोप्या घालून जो माझ्या गावात आला, त्याला मी सगळ्यांदेखत जुलैत घरी जा म्हणालो. आणि ते खोटं होतं. चेंडू खोटा नव्हता, नाव खोटं होतं. एवढं कारण की विचारायची लाज वाटली.

गप्प बसता येईल. पहिला सामना आज आहे, त्याने चेंडू टाकला की लोकांनाच कळेल, मी चुकलो म्हणतील, ऑक्टोबरात त्याचे केस कापून मोकळा होईन. पण तो आज टाकणार ते माझं वाक्य अंगावर घेऊन. दुकानात मी पाहिलंय, घाबरलेल्या माणसाची मान कशी ताठते. तसा खांदा ताठला तर तो चेंडू बुडणार नाही.

सांगायला गेलो तर का चुकलो तेही सांगावं लागेल. मग संध्याकाळपर्यंत लेनोरला फोन. आठवड्याने ओमाहा.

ओपलची गाडी वाजतेय. मी तिला सामन्याच्या खूप आधी ये म्हणून सांगितलंय. का ते विचारलं नाही तिने.

१५ मे, सामन्यानंतर

ही वही वाचता येणार नाही, तरी लिहितो.

पिचर कुंपणापाशी होते, सगळेच. मी जाळीला हात लावून म्हटलं, "पोरांनो, इकडे या. योएल, तू पुढे ये."

पायांचे आवाज आले. मी म्हटलं, "योएल, काल जे तुला बोललो ते तुझं नव्हतं. तुझा चेंडू मी डेलचा समजलो. अकराला सतरा समजलो. मला दिसत नाही. गेल्या वर्षापासून दिसत नाही. जाळीमागे उभा राहून दिसतंय असं दाखवत होतो. मला माफ कर."

मग योएल म्हणाला, "अबुएलो, माहीत आहे."

"काय माहीत आहे?"

"सगळं. पहिल्या दिवशी मिस ओपल आली. म्हणाली, आमच्याकडे एक म्हातारा आहे, त्याला कमी दिसतं, त्याला सांगायचं नाही. कॅचर, तू नाव ओरड. म्हणून टकर ओरडतो."

"माझा घसा बसलाय," टकर मागून म्हणाला. "आणि दात दुखायला नेमका तोच दिवस मिळाला. मी नसलो तर कोण ओरडणार हे कोणी ठरवलंच नव्हतं."

मी वळलो. ओपल माझ्या मागे होती, तिच्या कोटाचा कडेचा हिरवा रंग दिसला. "कोणाकोणाला माहीत आहे?"

"गावाला," ती म्हणाली. "तू केस कापताना फादर कुबिकचा कान कापलास तेव्हापासून. पाठ दुखते म्हणून कोणी कान कापत नाही, एमिल."

"आणि ड्वेन?"

"ड्वेनला तर मजा येतेय. त्याला आयुष्यभर रेडिओवर जायचं होतं."

"आणि लेनोर?" मी विचारलं.

"थंडीत तिचाच फोन आला मला. डॉक्टरांच्या बिलाचा कागद तिच्या पत्त्यावर गेला होता. न्यायला येते म्हणाली. मी म्हटलं, तिकडे नेशील तर तो भिंतीकडे बघत बसेल. इकडे राहिला तर निदान माझ्यावर खेकसेल. तू सुया घ्यायला तयार झालास तर ती थांबेल. सोमवारची वेळ घेतली आहे, गाडी मी चालवेन. आता बॅटरीचं कारण सांगायला नको, सुटले मी."

इतके दिवस मी या सगळ्यांना फसवत होतो आणि ही सगळी माणसं आपापलं काम वाढवून मला उघडं पडू देत नव्हती. मी ड्वेनला ओरडलो होतो. तिकिटवालीच्या रंगाची थट्टा केली होती. ओपलला सोबत देतोय म्हणत होतो. आभार कसे मानायचे असतात ते एकदम आठवेना. नुसतं म्हटलं, "मी तुमचा फार ऋणी आहे."

मग योएलकडे वळलो. "पण मग तू काल रात्रभर..."

"नाही, अबुएलो. डेलने मला बाहेर नेलं, पार्किंगमध्ये. म्हणाला, 'ते ऑगस्टवालं भाकीत तुझं आहे. माझा चेंडू असा बुडत नाही, कधीच बुडला नाही. पण माझी बायको फोनवर ऐकत होती. उद्यापर्यंत ते माझ्याकडे ठेवू दे.'"

"मग तू?"

"मी म्हटलं, ठेव. माझ्याकडे खूप ऑगस्ट आहेत."

डेल जाळीच्या अगदी जवळ आला. मला त्याच्या अंगावरच्या मलमाचा वास आला. खांद्याचं मलम. म्हणाला, "मिस्टर एमिल, इतकी वर्षं मी टाकतोय, माझं नाव आणि ऑगस्ट एका वाक्यात कोणी घेतलं नव्हतं. खोटं आहे ते उभ्या उभ्याच कळलं. चार्लीन रडली. मी रात्री तिला खरं सांगितलं. ती म्हणाली, एक संध्याकाळ तर मिळाली. आता माझं मला द्या."

"काय?"

"माझं भाकीत. जे योएलला दिलंत ते. पण नीट, माझ्या नावाने."

मी त्याच्या कानाकडे बघत होतो, म्हणजे तोंड कुठे असेल त्याचा अंदाज येतो. तीस वर्षं मी अशी वाक्यं फेकली, कोलाचे खात, लोक हसावेत म्हणून. हे एक बोलायला जीभ उचलत नव्हती.

"डेल प्रूइट," मी म्हटलं, "तुझा हात दुखतोय. जुलैत तू घरी असशील."

"येस सर," तो म्हणाला. "मीही जुलैच धरला होता. मेहुण्याकडे छपरं घालायचं काम आहे." चेंडू हातमोज्यात आपटल्याचा आवाज आला. "तोवर टाकतो."

"टाक," मी म्हटलं. "तोवर मी ऐकतो."

मी जायला वळलो तर तो म्हणाला, "थांबा. आता तुम्ही उभे राहा." टकरने कोणाच्या तरी हातातून सूर्यफुलाच्या बियांची पुडी घेऊन माझ्या हातात दिली, ताटली नव्हती म्हणून. मी ती धरून उभा राहिलो. पोरं गोळा झाली.

डेल म्हणाला, "एमिल व्रबेक. ऑगस्टात तुम्हाला आता दिसतं तेवढंही दिसेल असं वाटत नाही. पण तुम्ही इथे असाल, तिसऱ्या रांगेत, आणि मी घरून फोन करून विचारीन की योएल कसा टाकतोय. तुम्ही मला सांगाल."

वाईट भाकीत उभ्याने ऐकणं म्हणजे काय ते मला कळलं. आणि हेही कळलं की कोणी आपलं नाव घेऊन, आपल्याकडे तोंड करून, आपल्यापुरतं खरं बोललं की ते ऐकून माणूस खाली बसत नाही. मी येस सर म्हटलं.

सामना आम्ही जिंकलो. योएल सातव्या डावात चेंडू टाकायला आला, आणि हातमोज्यातला तो कोरडा आवाज मी लगेच ओळखला. ओपलने मला सगळं सांगितलं, मी काही सुटलं की विचारत होतो, आणि तिचा आवाज बसला तेव्हा पुढच्या रांगेतल्या माणसाने सांगितलं.